शिलोत्री मणापासून सगुणा तंत्रापर्यंत : पेण व रोहे तालुक्यांतील भातशेतीच्या साधनांचा इतिहास

१

शेतीच्या सुधारणेचा इतिहास लिहिताना अवजारे, बियाणे, खते व पाणीपुरवठा यांची कालानुक्रमाने मांडणी करण्याचा प्रघात आहे. असा इतिहास वाचला म्हणजे एक साधन मागे पडले व त्याहून सरस असे दुसरे पुढे आले, एवढाच बोध होतो. ते साधन राखावयाचे कोणी, त्याची डागडुजी कोणाच्या श्रमाने व कोणाच्या खर्चाने व्हावयाची, हा प्रश्न त्यात बहुधा उपस्थितच होत नाही. वस्तुतः शाश्वत शेती या शब्दप्रयोगात आज जे अभिप्रेत असते, त्याचे मर्म या दुसऱ्या प्रश्नातच आहे. जे साधन पिढ्यान्‌पिढ्या राखता येते तेच शाश्वत. मग ते जुने असो वा नवे.

या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे हे दोन तालुके विशेष अभ्यसनीय आहेत. १ जानेवारी १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. पेण तालुका पाताळगंगा व अंबा या नद्यांच्या दरम्यान पसरलेला असून त्याच्या पश्चिमेस धरमतरची खाडी आहे. रोहे तालुक्यातून कुंडलिका नदी पश्चिमेस वाहत जाऊन रेवदंड्याच्या खाडीस मिळते, आणि त्याच तालुक्यातील नागोठण्याजवळून अंबा नदी वाहते. दोन्ही तालुक्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत. डोंगराच्या पायथ्याशी गोड्या पाण्याची भातजमीन, आणि खाडीच्या बाजूस भरतीच्या पाण्यापासून बांध घालून सोडवून घेतलेली खार जमीन, असे येथील शेतीचे दोन स्पष्ट विभाग पडतात. लोकभाषेत या दुसऱ्या विभागास खारेपाट म्हणतात. पेण तालुक्यातील खारपाडा, खारकारावी किंवा रोहे तालुक्यातील खारापटी ही ग्रामनामे या भूमीच्या घडणीची साक्ष देतात. क्षार या संस्कृत शब्दापासून आलेला खार हा शब्द येथे केवळ मिठाचा वाचक नाही. समुद्रापासून मिळविलेल्या व बांधाने राखलेल्या शेतीच्या एका संपूर्ण घटकाचे ते नाव आहे.

२

खार बांधण्याचे तंत्र दिसावयास साधे, परंतु बारकाईचे आहे. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी चिखलट जमीन निवडावयाची, तिच्याभोवती मातीचा बांध घालावयाचा, खाडीच्या बाजूने त्यास दगडांची पिचिंग करावयाची, आणि पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी त्यात उघाडी ठेवावयाची. उघाडीची झडप अशा रीतीने बसविलेली असते की, भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले म्हणजे ती आपोआप मिटते, आणि ओहोटीस आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. बांध पुरा झाल्यावर लगेच पीक येत नाही. काही पावसाळे जमीन गोड्या पाण्याने धुऊन निघावी लागते. त्यानंतरही दरवर्षी पावसाचे पाणी शेतात तुंबवून क्षार खाली दाबावे लागतात. कारण पावसाळा संपून जमीन सुकू लागली की केशाकर्षणाने तेच क्षार पुन्हा वर येतात. अर्थात खारेपाटातील शेती म्हणजे एकदा जिंकलेली भूमी नव्हे. ती दरवर्षी नव्याने जिंकावी लागते.

हा बांध एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नव्हता. मराठी अमदानीत ओसाड जमीन लागवडीस आणण्यासाठी इस्तावा कौल देण्याची पद्धत होती. तीनुसार प्रारंभीची वर्षे सारा माफ वा अल्प असे, आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढत जाई. भांडवल व माणूसबळ ज्याच्यापाशी होते त्याने बांध घालावा, आणि त्याबदल्यात त्या खारीवर कायमचा हक्क मिळवावा, या व्यवहारातून शिलोत्री ही पद्धती निर्माण झाली. ती मुख्यतः पेणच्या बाजूस प्रचलित होती. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात तिचे वर्णन आढळते. कुळाने सरकारी साऱ्याखेरीज दर बिघ्यामागे भाताचा एक मण शिलोत्रीदारास द्यावयाचा, आणि शिलोत्रीदाराने बाहेरचा मुख्य बांध राखावयाचा. आतील लहान बांध मात्र ज्याचे त्याने सांभाळावयाचे. या देण्यास शिलोत्री मण असे म्हणत.

येथे शब्दार्थाकडे थोडे लक्ष देणे उपयुक्त ठरेल. शिलोत्री मण हा खंडही नव्हे व साराही नव्हे. तो एका विशिष्ट कामाचा मोबदला होता, आणि ते काम म्हणजे बांधाची निगा. हक्क व कर्तव्य या दोहोंचा समावेश एकाच संज्ञेत झालेला होता. मण घ्यावयाचा तर बांध राखला पाहिजे, आणि बांध राखला तर मण मिळालाच पाहिजे, अशी ही परस्परसापेक्ष व्यवस्था होती. बांधास मोठी खांड पडली म्हणजे मात्र मालक व कूळ हा भेद राहत नसे. पुढील उधाणापूर्वी ती बुजविली नाही तर साऱ्या गावाचे भात जाई. म्हणून आबालवृद्धांस चिखलात उतरावे लागे. हे काम करणारा समाज मुख्यत्वे आगरी. त्यांच्या नावातील आगर हा शब्द मिठागर व शेत या दोहोंसही लागू पडतो. कारण दोहोंचेही तंत्र खाडीचे पाणी अडविण्याचे व सोडण्याचे आहे.

या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही. ज्याच्या हाती बांध त्याच्या हाती कूळ, ही तिची दुसरी बाजू होती. मण वसूल होई, पण बांधाची डागडुजी वेळेवर होईलच असा भरवसा नसे. शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी येथे खोती पद्धतीविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला, आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खारेपाटातील कुळांचा असंतोष किती खोल होता, याची कल्पना यावरून येते.

३

खारेपाटातून डोंगराकडे वळले म्हणजे साधन बदलते. तेथे बांधाऐवजी राब हे शेतीचे मूलतंत्र होते. रोप तयार करावयाच्या जागेवर शेण, ऐनादी झाडांचे टहाळ, पातेरा व गवत यांचे थर रचून, त्यांवर माती पसरून, पावसाळ्यापूर्वी ते सावकाश जाळावयाचे, आणि त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरावयाचे. १८७८ च्या वनकायद्यानंतर टहाळ तोडण्यावर निर्बंध आले, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांत त्याविषयी तीव्र तक्रार सुरू झाली. तिच्या विचारार्थ नेमलेल्या मुंबई वन आयोगाने १८८५ ते १८८७ या काळात काम केले.

वनखात्याच्या दृष्टीने राब म्हणजे जंगलाची नासाडी व शेतकऱ्याचे अज्ञान. परंतु या मतास शास्त्रज्ञांनीच मुरड घातली. १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या डॉ. व्होलकर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राब निरर्थक नसल्याचे मान्य केले. पुढे पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीचा प्रायोगिक अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेच्या खतात नसून जमीन तापण्यातही आहे, हा विचार त्यामुळे दृढ झाला. उष्णतेने तणाचे बी मरते व माती भुसभुशीत होते. रोप जोमदार उठते व सुलभपणे उपटता येते. शेतकऱ्याने अनुभवाने जे जाणले होते, त्याचे कारण प्रयोगशाळेने शोधले, इतकेच.

तथापि राबाचे तंत्र सशास्त्र ठरले म्हणून ते टिकाऊ ठरत नाही. त्यास लागणारा टहाळ ज्या रानातून येई, त्या रानावरील गावाचा हक्क आटला आणि रानही विरळ झाले. बांधाप्रमाणेच येथेही साधनाच्या मागे असलेली व्यवस्था ढासळली, आणि मग साधनाची परवड झाली.

४

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात खारेपाटासंबंधी दोन महत्त्वाचे कायदे झाले. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने खार जमिनींच्या विकासासाठी मंडळ स्थापन करून बांधबंदिस्तीच्या योजना आखण्याचे काम त्याकडे सोपविले. त्यानंतर १९५५ साली कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री हक्क नष्ट करणारा कायदा झाला. खोती १९४९ च्या कायद्याने गेलीच होती. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कुळकायद्याने कुळास जमिनीचा मालक केले. दोन दशकांच्या चळवळीची ही इष्ट व न्याय्य परिणती होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु शिलोत्री या संज्ञेतील जे दोन अर्थ वर सांगितले, त्यांपैकी कायद्याने एकाचाच निकाल लावला. हक्क नष्ट झाला, मण बंद झाला. आणि मणाच्या मोबदल्यात जे कर्तव्य होते त्यास निश्चित धनी उरला नाही. जमीन प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र झाली. बांध मात्र सर्वांचा, म्हणजे व्यवहारात कोणाचाच नाही, अशी स्थिती आली. १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने १९४८ च्या कायद्याची जागा घेतली. आज पेण येथे खारभूमी विकास विभागाचे कार्यालय आहे. सरकारी योजनेतील बांधांची दुरुस्ती विभागाच्या मंजुरीने व निधीने होते, तर खाजगी योजनेतील बांध शेतकऱ्यांनीच राखावयाचे असतात. खांड मात्र अंदाजपत्रकाची वाट पाहत नाही. श्रावणातील उधाणाने पडलेले भगदाड तत्काळ बुजविले नाही तर प्रत्येक भरतीगणिक ते रुंदावते, आणि खारे पाणी शिरलेली जमीन पुन्हा धुऊन निघण्यास काही वर्षे लागतात.

त्यात एक नवी अडचण उत्पन्न झाली आहे. बुडीत राहिलेल्या खारीत खारफुटीची झाडे उगवतात. खारफुटी ही किनाऱ्याची नैसर्गिक ढाल असल्याने तिच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेशाने, व २०१८ साली अंतिम निर्णयाने मनाई केली. निसर्गरक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होय. परंतु ज्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर भातशेती नोंदलेली आहे व डोळ्यांपुढे खारफुटीचे रान उभे आहे, त्यास बांधाच्या दुर्लक्षाची किंमत जमिनीच्या रूपाने मोजावी लागते.

गोमंतकातील खाजण जमिनींचा इतिहास याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. तेथे बांध व मानस, म्हणजे भरतीओहोटीचे दार, राखण्याचे काम गावकरी संस्था करीत असत. १९६४ च्या कूळकायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे आले. जुना धनी गेला तरी कर्तव्य कोणाकडे जावयाचे, याचा निदान उल्लेख तेथे झाला. हॉलंडमध्ये समुद्रसपाटीखालील जमिनी राखणाऱ्या जलसंस्था तेराव्या शतकापासून चालत आल्या असून त्या स्वतंत्र कर बसवितात व त्यांचे सभासद निवडून येतात. पेणच्या शिलोत्री मणास लोकशाही स्वरूप दिले असते तर त्यापासून याच जातीची संस्था निर्माण होऊ शकली असती, असे अनुमान करण्यास जागा आहे.

५

पाणीपुरवठ्याचा इतिहासही याच मुद्द्याकडे नेतो. कुंडलिकेचे आजचे बारमाही पाणी हे तिचे स्वतःचे नव्हे. घाटमाथ्यावर निळा व मुळा या नद्यांचे पाणी मुळशी येथे अडवून टाटा कंपनीने ते बोगद्यांवाटे पश्चिमेकडे वळविले, आणि १९२७ पासून भिरा येथील वीजगृहातून ते कोकणात उतरू लागले. या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला, कारण त्याखाली मावळातील आंबेमोहोराची शेते बुडणार होती. वीज मुंबईस गेली. वीज करून उरलेले पाणी कुंडलिकेत वाहू लागले. कोलाडजवळील डोलवहाळ बंधाऱ्यावर ते अडवून डाव्या व उजव्या कालव्यांनी रोहे व माणगाव तालुक्यांतील शेतांस देण्यात येते. ज्या भूमीत दिवाळीनंतर गुरे मोकळी सोडीत, तेथे उन्हाळी भात उभे राहिले. एका खोऱ्यातील भात बुडाले व दुसऱ्या खोऱ्यात दुबार भात पिकू लागले. सुधारणेच्या जमाखर्चात या दोन्ही रकमा मांडल्या पाहिजेत.

पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवणे येथे धरण झाले. त्याच्या पाण्याचा मोठा भाग नवी मुंबईच्या पिण्याकडे जातो, आणि शेतीच्या लाभक्षेत्राचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला. २००६ च्या सुमारास महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील गावांच्या जमिनी संपादन करण्याची कार्यवाही सुरू झाली, तेव्हा या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी आपली जमीन ओलिताखाली येणारी आहे, यास्तव ती घेता कामा नये, असा आग्रह धरला. परिणामी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. भूसंपादनाच्या प्रश्नावर शेतकऱ्यांचे असे मतदान ही भारतात अपूर्व घटना होती. पुढे ते भूसंपादन बारगळले. कालव्याचे पाणी शेतात पोचण्यापूर्वीच त्याचे लाभक्षेत्र हा जमीन राखण्याचा आधार बनला, ही गोष्ट तंत्राच्या इतिहासात नोंद करण्याजोगी आहे.

६

बियाणे व लागवड यांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. कर्जत येथे १९१९ सालापासून भातसंशोधनाचे कार्य चालू आहे. १९७२ साली दापोलीस कोकण कृषि विद्यापीठ स्थापन झाल्यावर कर्जत व पनवेल येथील केंद्रे त्याच्या छत्राखाली आली. त्यांपैकी पनवेलचे केंद्र खास खार जमिनीसाठी आहे. खारेपाटातील शेतकरी पूर्वीपासून राता नावाचे तांबडे, क्षार सोसणारे भात पेरीत. काळा राता व भुरा राता या स्थानिक जातींतून निवड करून शास्त्रज्ञांनी शुद्ध वाण काढले, आणि भुरा राता व जास्त उत्पन्न देणारा आय. आर. ८ यांच्या संकरातून पनवेल मालिकेतील वाणाची सिद्धता झाली. नव्या बियाण्याच्या वंशावळीत खारेपाटाचे जुने बी आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जया व रत्ना हे वाण गोड्या जमिनीत पसरले. खाऱ्या जमिनीत मात्र स्थानिक रक्ताचा आधार घेतल्यावाचून शास्त्राचे चालले नाही.

लागवडीच्या पद्धतीतही असाच अनुबंध दिसतो. खारेपाटात रोप काढून लावणी करण्याऐवजी मोड आलेले बी चिखलात फेकण्याची रहू पद्धत रूढ होती. गोड्या जमिनीत मात्र राब, चिखलणी व लावणी ही त्रयी चालत आली. डॉ. नारायण सावंत यांनी पुरस्कारिलेल्या चारसूत्री पद्धतीने ही लावणी अधिक काटेकोर केली. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध खोचलेली युरिया-डीएपीची गोळी, ही ती चार सूत्रे होत. मुसळधार पावसात फेकलेले खत वाहून जाते. गोळी जमिनीत खोल राहिल्याने ते पिकास मिळते. राबास पर्याय म्हणून पाल्याचे खत, आणि तेही बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाचे, ही योजना रानावरील भार हलका करणारी आहे.

२०१० नंतरच्या दशकात कर्जत तालुक्यातील नेरळनजीक चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्राने याही पुढचे पाऊल टाकले. एकदा गादीवाफे करावयाचे, लोखंडी साच्याने २५ सेंटिमीटर अंतरावर खुणा पाडून बी टोकावयाचे, आणि कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. तणासाठी तणनाशकावर अवलंबून राहावे लागते, ही त्याची उणी बाजू. परंतु धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प व डोलवीचा पोलाद कारखाना यांच्या परिसरात लावणीस माणूस मिळणे ज्या काळात दुर्घट झाले, त्या काळाची ही निकड होती. अर्थात हे तंत्र खारेपाटास जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. तेथे क्षार दाबण्यासाठी शेतात पाणी उभे ठेवावे लागते. एक गोष्ट मात्र विचारणीय आहे. लावणीवाचून भात पिकविण्याची कल्पना नवी म्हणून आली, तेव्हा खारेपाटातील शेतकरी रहूच्या रूपाने ती पूर्वीपासून आचरीत होता.

७

वरील विवेचनातून दोन प्रकारची साधने स्पष्टपणे वेगळी पडतात. बियाणे, खताची गोळी, साचा व गादीवाफा ही एका शेताची साधने आहेत. एका शेतकऱ्याने ती पत्करली म्हणजे पुरते. शेजाऱ्याने पाहून शिकले म्हणजे ती पसरतात. बांध, उघाडी व कालवा ही समूहाची साधने आहेत. ती दहा जणांनी राखली व अकराव्याने सोडली तर अकराव्याच्या खांडीतून दहांचे शेत बुडते. पहिल्या प्रकारच्या साधनांत गेल्या शतकाने निःसंशय प्रगती केली. दुसऱ्या प्रकारात मात्र जुनी विषम व्यवस्था मोडल्यावर तिच्या जागी समतेची व्यवस्था उभी करण्याचे काम अपुरे राहिले.

खारेपाटात या दोहोंचा संबंध अगदी प्रत्यक्ष आहे. पनवेलचे वाण क्षार सोसते, पण रोजच्या भरतीचे पाणी सोसत नाही. गावतळ्यांत व शेताकडेच्या तळ्यांत जिताडा वाढविण्याची येथील जुनी रीत, किंवा शेततळ्यातील गोड्या पाण्यावर हिवाळी भाजीपाला घेण्याचा नवा प्रयत्न, ही दोन्ही बांध शाबूत असेतोवरच शक्य आहेत. बाहेरचा बांध हा आतील प्रत्येक सुधारणेचा पाया होय. आणि समुद्राची पातळी वाढत असल्याचे सर्वमान्य झाले असता तो पाया आज अधिकच महत्त्वाचा ठरतो.

शिलोत्री मण परत आणावा असे कोणी म्हणणार नाही, व म्हणूही नये. तथापि त्या मणात जो व्यवहार गृहीत होता, म्हणजे बांधाच्या छायेत पिकणाऱ्या प्रत्येक बिघ्याने बांधाकरिता काही ठेवावे, आणि ते ज्याच्या हाती जाईल त्याने खांड पडताच उत्तरदायी असावे, तो व्यवहार कालबाह्य झालेला नाही. तो जमीनदाराच्या हातून निघाला. खारीतील शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या हाती अद्याप पोचावयाचा आहे. पेण व रोहे येथील शेतीच्या पुढील इतिहासकारास त्या वाटचालीची नोंद घ्यावी लागेल, किंवा तिच्या अभावी बुडालेल्या खारींची.